विशिखानुप्रवेश : नवस्नातक वैद्याची पूर्वतयारी

आंतरवासितेचे अखेरचे दोन-तीन महिने उरले की आमच्या चिकित्सालयात विद्यार्थी येऊ लागतात. प्रश्न बहुधा एकच असतो, "सर, आता पुढे काय करू?" साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी हा प्रश्न प्रथमच मनात यावा, यात दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. रोगपरीक्षेचा क्रम आपण त्याला शिकवला. स्वतःच्या व्यवसायाचा विचार कसा करावा हे मात्र शिकवले नाही. मग जी नोकरी प्रथम हाती लागेल ती तो धरतो. बहुधा ती एखाद्या खासगी रुग्णालयातील रात्रपाळीची असते. त्या नोकरीत कमीपणा काहीच नाही; परंतु सहा महिन्यांपुरती म्हणून धरलेली नोकरी सहा वर्षे चालते आणि तोवर पंचकर्म व औषधनिर्माण यांवरचा हात सुटलेला असतो. याच वेळी ज्येष्ठ वैद्य योग्य सहायक मिळत नाही म्हणून, तर फार्मसीचालक जाणता तंत्रज्ञ मिळत नाही म्हणून तक्रार करीत असतात. ही दोन टोके जुळावीत, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

सुश्रुतांनी सांगितलेला क्रम

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्यासूत्रीय, तर दहावा विशिखानुप्रवेशनीय आहे. नवव्यात प्रत्यक्ष कर्माचा सराव सांगितला आहे. छेदनाचा अभ्यास भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर करावा, भेदनाचा भरलेल्या चर्मपिशवीवर, तर वेधनाचा कमळाच्या देठावर. त्यानंतरच्या अध्यायात वैद्याचा विशिखेत, म्हणजे लोकांच्या वाटेवर, प्रवेश येतो. शास्त्राचे अध्ययन केलेला, त्याचा अर्थ जाणलेला, कर्म पाहिलेला व स्वतः केलेला, राजाची अनुज्ञा मिळालेला, नखे-केस कापलेला, शुभ्र व साधा वेष धारण केलेला, निष्कपट, गोड बोलणारा आणि चांगले सहायक लाभलेला, अशा वैद्याने व्यवसायात प्रवेश करावा, असा त्याचा आशय आहे. ज्ञान, सराव, परवाना, वर्तन आणि सहायक हे त्यातील पाच घटक आजही जसेच्या तसे लागू पडतात. नोकरी शोधणाऱ्या स्नातकाने आपली तयारी याच यादीवर तपासावी.

प्रथम स्वतःची परीक्षा

आमची पहिली सूचना एका वहीची आहे. आंतरवासितेच्या पहिल्या दिवसापासून पानावर दोन रकाने आखावेत : 'पाहिले' आणि 'केले'. वमन, विरेचन, बस्ती, क्षारसूत्र, अग्निकर्म, प्रसूती, जखमेचे टाके, जे जे घडेल ते तारखेसह नोंदवावे. कर्म देखरेखीखाली केले की स्वतंत्रपणे, संसर्जनक्रम पाळला गेला का, व्यापद निर्माण झाली असल्यास काय उपाय केला, हेही लिहावे. रुग्णाचे नाव मात्र लिहू नये.

आमच्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीने नवव्या महिन्यात अशी वही उघडून दाखवली. 'पाहिले' हा रकाना भरलेला होता. 'केले' या रकान्यात जेमतेम चार नोंदी होत्या. ती संकोचली. आम्ही तिला म्हणालो, "बरे झाले, हे आजच कळले." उरलेल्या तीन महिन्यांत तिने आपल्या अध्यापकांकडे नेमकेपणाने बस्तिकर्माची संधी मागितली आणि ती तिला मिळाली. 'मला शिकायचे आहे' या मोघम विनंतीपेक्षा 'मला निरूह बस्ती देखरेखीखाली द्यायचा आहे' ही विनंती मान्य होणे सोपे असते.

याच वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. कोणत्या कामात मन रमते? उत्पन्नाविना किती महिने काढता येतील? कोणत्या गावी राहणे शक्य आहे? घरच्या कर्जाचा विचार न करता आखलेली योजना टिकत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

समोरचे मार्ग

शासकीय सेवेत वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पदांखेरीज अन्य वाटाही आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. राज्यातील १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यातही आयुर्वेद स्नातकांनी मोठ्या संख्येने काम केले आहे. २०१८ पासूनच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांमुळे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद स्नातकांपुढे आले. यांपैकी बऱ्याच नेमणुका कंत्राटी स्वरूपाच्या असतात. म्हणून सही करण्यापूर्वी मुदत, नूतनीकरण, मानधन व बदली यांविषयीची कलमे वाचावीत.

अध्यापनाची इच्छा असणाऱ्याने अखिल भारतीय प्रवेश परीक्षेची तयारी आंतरवासितेतच सुरू करावी. पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे आहे. शिवाय २०२० च्या भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोग कायद्यात शिक्षकांसाठी स्वतंत्र पात्रता परीक्षेची, तसेच स्नातकांसाठी निर्गम परीक्षेची तरतूद आहे. आपल्या तुकडीस कोणता नियम लागू होतो, याची महाविद्यालयात वेळीच चौकशी करावी. ज्यांना चिकित्सेतच मुरायचे आहे त्यांच्यासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाचा गुरुशिष्य परंपरेतील एक वर्षाचा अभ्यासक्रम विचारार्ह आहे.

औषधनिर्माणाच्या क्षेत्राकडे स्नातकांचे दुर्लक्ष होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार आयुर्वेदीय औषधांची निर्मिती पात्र व पूर्णवेळ तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि आयुर्वेदाची पदवी ही त्यासाठीची एक मान्य अर्हता आहे. २००० मध्ये अनुसूची 'टी' आल्यापासून जागा, स्वच्छता, यंत्रे आणि नोंदी यांविषयीच्या अपेक्षा लेखी झाल्या. त्यामुळे द्रव्यगुण व रसशास्त्र मनापासून शिकलेल्या स्नातकास येथे खरे काम आहे.

अर्ज व मुलाखत

आंतरवासिता पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळताच महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडील कायम नोंदणीसाठी अर्ज करावा. सुश्रुतांनी सांगितलेली राजाची अनुज्ञा आज हीच आहे. बायोडेटा दोन पानांचा पुरे. 'कष्टाळू व प्रामाणिक' असे लिहिण्याऐवजी वहीतील आकडे द्यावेत.

मुलाखतीत "पंचकर्म येते का?" या प्रश्नास "सर्व येते" हे उत्तर आम्हांस सर्वांत कमकुवत वाटते. "बस्ती स्वतंत्रपणे देतो, वमन देखरेखीखाली केले आहे" असे सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. फार्मसीत जाणाऱ्याने अवलेहाचा पाक कसा ओळखावा याची तयारी ठेवावी. तार येणे, पाण्यात टाकल्यास बुडणे, दाबल्यास बोटाची मुद्रा उमटणे ही लक्षणे पाठ असणे निराळे आणि कढईपाशी उभे राहून पाहिलेली असणे निराळे. हा फरक मालकाच्या दोन प्रश्नांतच उघड होतो.

आपले कर्तव्य

आता थोडे आपल्याविषयी. तरुण वैद्यास सहायक म्हणून घेताना कामाचे तास, वेतन आणि आपण त्याला काय शिकवणार हे कागदावर लिहून द्यावे. केवळ केसपेपर लिहवून घेणे म्हणजे शिकवणे नव्हे. फार्मसीचालकांनी तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि तंत्रज्ञ मात्र दुसऱ्याच गावी, असे कदापि होऊ देऊ नये. दरमहा काही रक्कम घेऊन आपले नाव वापरू देण्याचा मोह स्नातकांनीही टाळावा. औषधाच्या तुकडीत दोष निघाला तर जाब त्याच नावाला द्यावा लागतो, आणि जो अनुभव कधी घेतलाच नाही तो पुढच्या मुलाखतीत सांगता येत नाही.

थंडीत आवळा येऊ लागला की अनेक फार्मसींत च्यवनप्राशाची कढई चढते. त्या दिवसांत प्रत्येक फार्मसीने दोन आंतरवासितांना, आणि प्रत्येक वैद्याने वर्षभरात एका नवस्नातकास, आपल्यापाशी उभे करावे, अशी आम्ही सभासदांना विनंती करतो. तेवढ्याने 'पुढे काय करू?' हा प्रश्न नाहीसा होणार नाही. पण तो विचारणाऱ्याच्या वहीतील 'केले' हा रकाना तरी रिकामा राहणार नाही.