उजेडाचे सगेसोयरे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारात पणती तेवत असते, अंगणात मुले रंगीत फुलबाज्या पेटवतात, गॅलरीत एलईडीच्या माळा लुकलुकतात. डोळ्यांना हा सगळा एकच लखलखाट वाटतो, पण तिघांचा जन्म वेगळा आहे. पणतीच्या ज्योतीत काजळीचे अतिसूक्ष्म कण तापून पिवळसर उजळतात. फुलबाजीतला लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या संयुगांचा आणि हिरवा बेरियमच्या संयुगांचा. एलईडीला तापावेच लागत नाही. अर्धवाहकातून वीज वाहताना इलेक्ट्रॉन आपली जास्तीची ऊर्जा थेट प्रकाशाच्या रूपात टाकून देतात.

त्याच अंगणात न दिसणारे किरणही वावरत असतात. दिवसभर तापलेल्या भिंतीतून उष्णतेचे किरण निघतात. खिशातला मोबाइल रेडिओ लहरी पाठवत असतो. जमिनीतल्या पोटॅशियम आणि थोरियममधून गॅमा किरण येतात आणि आकाशातून उतरणारे कण आपल्या शरीराच्या आरपार जातात. यांतले काही निरुपद्रवी, काही घातक. आपण मात्र सगळ्यांना एकाच तराजूत तोलतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टॉवरला घाबरतो आणि मे महिन्याच्या भर दुपारी उन्हात बेफिकीर हिंडतो. या किरणांची नीट ओळख झाली, तर कुठे जपायचे आणि कुठे निर्धास्त राहायचे हे आपले आपल्याला ठरवता येते.

तांबड्याच्या पलीकडे

युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल १८०० साली रंगीत काचांमधून सूर्याचे निरीक्षण करत होते. त्यांच्या लक्षात आले, की काही काचांतून उजेड कमी येतो तरी ऊब जाणवते आणि काहींतून उजेड भरपूर, पण ऊब बेताची. मग प्रत्येक रंगाची उष्णता वेगळी असेल का? त्यांनी सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन टेबलावर रंगांचा पट्टा पाडला आणि फुगे काळे केलेले तापमापक एकेका रंगात ठेवले. जांभळ्याकडून हिरव्याकडे आणि हिरव्याकडून तांबड्याकडे जाताना पारा अधिकाधिक चढला. नंतर त्यांनी तापमापक तांबड्याच्याही बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे सरकवला. पारा आणखी वर गेला. अवरक्त किरण असे सापडले.

पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटर यांनी पट्ट्याचे दुसरे टोक तपासले. जांभळ्यापलीकडच्या अंधारात सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळे पडले. ते अतिनील किरण. १८६५ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असल्याचे गणिताने मांडले. १८८७ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी प्रयोगशाळेत रेडिओ लहरी निर्माण केल्या, १८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि १९०० मध्ये पॉल व्हिलार्ड यांना गॅमा किरण. ही सारी एकाच घरातली भावंडे. पोकळीत सगळ्यांचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. फरक फक्त तरंगलांबीचा. रेडिओ लहरींची लांबी कित्येक मीटर असू शकते, गॅमा किरणांची अणूच्या आकाराहूनही कमी असते.

या अफाट पट्ट्यात आपल्या डोळ्यांच्या वाट्याला येते ती साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरची एक चिंचोळी पट्टी. सूर्याचा उजेड याच भागात सर्वांत प्रखर असतो आणि हवा व पाणीही याच भागाला वाट देतात. आपली दृष्टी याच उजेडात घडली.

एवढ्या पट्टीतूनही पुष्कळ कळते. तापलेले प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक रंगांच्या रेषा उमटवते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्या वर्षीच्या निरीक्षणांत आढळलेली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये. एक मूलद्रव्य माणसाला आधी सूर्यावर सापडले आणि मग घरी.

खोडदच्या तबकड्या

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या महाकाय तबकड्या उभ्या आहेत. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. एकूण ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर विखुरल्या आहेत.

तबकडीखाली उभे राहून वर पाहिले तर तिच्यातून चक्क आभाळ दिसते. ती पत्र्याची नाहीच. ताणलेल्या तारांवर बसवलेली ती बारीक स्टीलची जाळी आहे. प्रकाश जाळीतून निसटतो, वाराही निघून जातो, म्हणून एवढा मोठा सांगाडा हलका ठेवता आला. पण इथे टिपायच्या रेडिओ लहरी साधारण २१ सेंटीमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांब. त्यांच्या लेखी जाळीची एक-दोन सेंटीमीटरची भोके नसल्यातच जमा. जाळी त्यांना आरशासारखी परतवते. एकच वस्तू एका किरणाला पारदर्शक आणि दुसऱ्याला भिंत कशी असते, हे इथे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळते.

विश्वात सर्वाधिक आढळणारा हायड्रोजन २१ सेंटीमीटर लांबीची लहर सोडतो. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या संशोधनात याच दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली ही लहर टिपली. विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ती इथे पोहोचेपर्यंत ४८ सेंटीमीटरची झाली होती. इतक्या क्षीण हाका ऐकायच्या तर शेजारी गोंगाट नको. म्हणून डोंगरांचा आडोसा असलेली ही जागा निवडली गेली.

घातक कोण?

प्रकाश ऊर्जेच्या पुड्यांनी येतो, हे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये सांगितले. ही पुडी म्हणजे फोटॉन. तरंगलांबी जितकी कमी, तितकी पुडीतली ऊर्जा जास्त. पेशीतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उखडायचा तर एकेका पुडीत पुरेशी ऊर्जा लागते. माडावर मूठमूठ तांदूळ कितीही फेकले तरी नारळ पडत नाही. एक नेमका दगड मात्र काम करतो. क्ष-किरण आणि गॅमा किरण हे दगड आहेत. ते अणूंचे आयनीकरण करतात आणि त्यातून डीएनएला इजा होऊ शकते. अतिनील किरण सीमारेषेवरचे. त्यांतल्या सौम्य किरणांनीही डीएनए बिघडतो, त्वचा भाजते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. त्यांच्यातले सर्वांत उग्र किरण वरच्या वरच अडतात, याचे मोठे श्रेय ओझोनच्या थराला आहे.

मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या फोटॉनपेक्षा हिरव्या उजेडाच्या फोटॉनमध्ये सुमारे सहा लाख पट ऊर्जा असते. रेडिओ लहरी फार तीव्र झाल्या तर तापवतात, मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो तो त्यावरच, आणि म्हणून त्यांच्या तीव्रतेवर कायदेशीर मर्यादा आहेत. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवले. सूर्याचे अतिनील किरण मात्र त्याच संस्थेच्या ‘निश्चित कर्करोगकारक’ गटात आहेत.

दगडातून आणि आभाळातून

काही किरणोत्सर्ग लहरींचा नसून कणांचा असतो. १८९६ मध्ये आंरी बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून आपोआप काहीतरी बाहेर पडताना आढळले. त्यात अल्फा कण असतात, ते कागदानेही अडतात. बीटा कण असतात, त्यांना काही मिलिमीटर ॲल्युमिनियम पुरते. सोबतच्या गॅमा किरणांना मात्र शिशाची जाड भिंत लागते. आपले शरीरही किरणोत्सर्गाला अपवाद नाही. अन्नातून आलेल्या पोटॅशियमचे सुमारे चार हजार अणू प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला विघटित होतात.

केरळच्या चवरा-करुनागपल्ली किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट आहे आणि तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिथल्या सुमारे ७० हजार रहिवाशांची दहा वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कर्करोगाचे जादा प्रमाण आढळले नाही.

१९१२ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टर हेस उपकरणे घेऊन फुग्यातून सुमारे ५,३०० मीटर उंच गेले. जमिनीपासून दूर जाताना किरणोत्सर्ग घटायला हवा होता, तो वाढला. विश्वकिरणांचा शोध असा लागला. हे कण वातावरणावर आदळले की म्युऑन नावाच्या कणांचा वर्षाव होतो आणि आपल्या पसरलेल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा तरी म्युऑन पार जातो.

या साऱ्या नैसर्गिक स्रोतांमधून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. त्यातला जवळपास निम्मा वाटा जमिनीतून झिरपणाऱ्या रेडॉन वायूचा. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते, पोटाच्या सीटी स्कॅनची कित्येक मिलिसिव्हर्ट.

काजव्यांचा उजेड

दिसणारा प्रकाश निरुपद्रवी, असे म्हणून थांबता येत नाही. मेअखेरीपासून जूनपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथली झाडे काजव्यांनी उजळतात. त्यांच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य ल्युसिफरेज विकराच्या मदतीने प्राणवायूशी संयोग पावते आणि जवळजवळ उष्णतेविना प्रकाश निघतो. हे लुकलुकणे म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद आहे. गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश त्यांच्यावर पडले की ही साद हरवते आणि मीलन खोळंबते. आपल्याला न बोचणारा उजेड त्यांच्या पुढच्या पिढीवर घाला घालतो.

म्हणून कोणत्याही किरणांबद्दल दोनच प्रश्न विचारावेत. किरण कोणते, आणि किती? दुपारच्या उन्हात टोपी व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा. डॉक्टरांनी सीटी स्कॅन सुचवला तर आधीचे स्कॅन त्यांना दाखवा, पण गरजेची तपासणी भीतीपोटी टाळू नका. आणि पुढच्या जूनमध्ये काजवे पाहायला गेलात, तर हेडलाइट आणि मोबाइल दोन्ही बंद ठेवा.