यादीतलं नाव काढताना

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एका वडीलधाऱ्या बाईंचा अपमान झाला. मी वावगा शब्द बोललो नव्हतो. मोबाइलवरच्या एका छोट्या फुलीवर बोट ठेवलं, एवढंच.

आम्ही काही मंडळी अंबरनाथला अधूनमधून छोटं कविसंमेलन भरवतो. मराठी, उर्दू, सिंधी, ज्याला जी भाषा जवळची त्या भाषेत कविता. निमंत्रितांची यादी पूर्वी माझ्या वहीत असे. बदलापूरचा माझा भाचा कॉम्प्युटर शिकतो. या वेळी त्यानं मोबाइलवर उघडणारं एक पान करून दिलं. त्यावर आठ कवींची नावं आणि प्रत्येक नावासमोर एक फुली. फुली दाबली की ते नाव गळणार, खालची नावं वर सरकणार आणि उरलेल्यांना निमंत्रणाचा संदेश आपोआप जाणार.

तिसऱ्या आणि पाचव्या कवींनी येता येणार नाही, असं कळवलं. मी तिसऱ्या नावासमोरची फुली दाबली, मग पाचव्या कवीच्या नावासमोरची. दोन नावं गेली असं समजून, चष्मा न लावताच, मोबाइल ठेवून दिला. कार्यक्रमाच्या दिवशी उल्हासनगरच्या एक वयोवृद्ध सिंधी कवयित्री आल्याच नाहीत. त्यांना आम्ही सारे अदी म्हणतो. सिंधीत अदी म्हणजे बहीण. त्यांचं नाव यादीत सहावं होतं. त्यांना निमंत्रणच गेलं नव्हतं. आणि नकार कळवलेल्या पाचव्या कवींना मात्र गेलं होतं!

भाच्यानं तपासलं आणि म्हणाला, "मामू, चूक यंत्राची नाही, माझी आहे." त्यानं ती समजावली ती अशी. वहीत नाव खोडलं तरी बाकीची नावं जागची हलत नाहीत. पडद्यावरची यादी मात्र हलती असते. त्यानं पाचव्या नावासमोरच्या फुलीला सांगून ठेवलं होतं, 'पाचव्या जागेवरचं नाव काढ.' तिसरं नाव गेलं तेव्हा चौथं तिसऱ्या जागी आलं, पाचवं चौथ्या आणि सहावं पाचव्या. फुलीला ही खबर नव्हती. मी ती दाबली तेव्हा ती इमानानं पाचव्या जागेवर गेली. तिथं आता अदी होत्या.

रेशनच्या रांगेचं उदाहरण घ्या. 'पाचव्या माणसाला बाजूला काढ' असा निरोप घेऊन कुणी निघाला आणि तो पोचेपर्यंत पुढचा एकजण कंटाळून घरी गेला, तर भलताच माणूस बाजूला निघेल. जागेचा आकडा म्हणजे माणसाची ओळख नव्हे.

मी अदींकडे माफी मागायला गेलो. पत्ता होता बॅरेक नंबरचा. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली, तिथल्या बॅरेकींत राहिली. १९४९ साली त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. अदींची बॅरेक कधीच गेली; तिथं आता चार मजली इमारत आहे. पण पत्ता विचारला की त्या आजही बॅरेकचाच नंबर सांगतात आणि रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. शेजारची बॅरेक पडली म्हणून यांचा नंबर एकानं कमी झाला नाही. तसं झालं असतं, तर साऱ्या कॅम्पातली पत्रं भलत्याच दारी गेली असती.

भाच्याला उपाय तिथंच सापडला. यादीतल्या प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक द्यायचा. तो जागा बदलली तरी बदलत नाही आणि माणूस गेला तरी दुसऱ्याला मिळत नाही. फुलीनं तो क्रमांक पाहून नाव काढायचं. नुसतं नाव पाहूनही चालत नाही; माझ्याच नावाचे चारजण आमच्या गावात आहेत. शिवाय काढण्यापूर्वी नावानिशी विचारायचं, 'यांना काढू?' आणि काढलेलं नाव लगेच पुसायचं नाही, खूण करून ठेवायचं, म्हणजे चूक कळल्यावर परत घेता येतं.

हीच गोष्ट मतदारयादीची. ती हलतीच असते. लोकलनं अर्ध्या तासाच्या आत उल्हासनगरहून बदलापूर येतं. पण उल्हासनगर हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ, अंबरनाथ दुसरा आणि बदलापूर शहर मुरबाड मतदारसंघात. घर बदललं की नाव एका यादीतून निघून दुसरीत जायला हवं. त्यासाठी नमुना ८ भरायचा; नाव वगळण्याचा किंवा नावावर हरकत घेण्याचा अर्ज म्हणजे नमुना ७. यादीतला अनुक्रमांक ही नुसती जागा, ती यादी नव्यानं तयार झाली की बदलू शकते. ओळखपत्रावरचा तीन अक्षरं आणि सात आकड्यांचा क्रमांक हा तुमचा. पुरवणी यादीत वगळलेल्या नावावर तशी खूण असते. आणि हा माणूस आता इथं राहत नाही, असं कारण देऊन नाव काढायचं असेल, तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ सांगतं, की आधी त्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्या. भाच्याच्या पानावरचं 'यांना काढू?' हेच काम करतं. फरक इतकाच, की इथं प्रश्न खुद्द त्या माणसालाच विचारायचा आहे.

म्हणून निवडणूक येण्याची वाट न पाहता आपला तो दहा खुणांचा क्रमांक टाकून यादीत आपण आहोत ना, ते पाहून घ्यावं. यादीतून गळलेल्या माणसाला आपण गळलो हे बहुधा सगळ्यांत शेवटी कळतं. अदींनाही तसंच कळलं.

त्या रागावल्या नाहीत. चहा देत एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्या कविता आता जुन्या झाल्या." पुढच्या संमेलनाचं निमंत्रण मी त्यांना स्वतः नेऊन दिलं.