धाव्याच्या गावात मनाची विचारपूस

माळशिरसहून निघालेली माउलींची पालखी खुडूसचं गोल रिंगण आटोपून वेळापूरच्या उताराला लागते आणि इतका वेळ संथ चाललेला सोहळा एकदम पळत सुटतो. यालाच धावा म्हणतात. तुकोबांना इथल्या टेकडीवरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. पंढरपूर इथून तीसेक किलोमीटर. मला टेकडीवरून दिसले ते ऊस आणि विजेचे खांब. पण आळंदीपासून चालून पोटऱ्या सुजलेल्या म्हाताऱ्या लुगडं सावरत पळतात, तेव्हा असली शंका काढायला तोंड होत नाही.

माळशिरस तालुक्यातलं वेळापूर एरवी अर्धनारी नटेश्वरासाठी ओळखलं जातं. यादवकालीन हेमाडपंती देऊळ, रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख, आवारात वीरगळ, चैत्रात देवाचं लग्न. ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळेल. वीरगळांची निगा मात्र आणखी बरी राखता आली असती.

माझा पाय अडकला तो भारुडात. धाव्याच्या उताराजवळच मानाचं भारूड होतं. गर्दीतून वाट काढत मी एका भारुडकऱ्यांना गाठलं. लुगड्याचा काचा मारलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं, हातात दिमडी. त्यांना चहा पाजला आणि विंचवाच्या भारुडाचा विषय काढला. नाथांचा विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा, हे लहानपणापासून ऐकलेलं. बुवांचं म्हणणं असं, की लोक सोंगाला हसतात, पण ‘चावला’ म्हणून बोंब ठोकली की पुढच्या रांगेतल्या एखाद्या बाईचे डोळे भरून येतात. भारूड संपल्यावर तीच बाई येऊन घरातलं सांगते: कर्ता मुलगा बोलत नाही, रात्रभर जागा असतो, औषधाची बाटली लपवून ठेवावी लागते.

वारीत जनजागृती आता रुळली आहे. निर्मल वारी झाली, पर्यावरणाची वारी झाली, सरकारची ‘आरोग्याची वारी पंढरीच्या दारी’ही झाली. पायाच्या फोडांना मलम मिळतं, रक्तदाब मोजला जातो. मनाच्या दुखण्याची पत्रकं वाटत चाललेली काही तरुण पोरंही वाटेत भेटली. पोरांची तळमळ खरी होती, पण पत्रकांवरचे शब्द जड. एका आजींनी त्या कागदावर चटणी घेतली, दुसऱ्यांनी वारा घातला. ‘नैराश्य’ वाचून कोणी थांबत नव्हतं. ‘झोप लागते का?’ असं विचारलं की मात्र माणसं थांबत होती.

आपल्याकडे अजून ‘बाहेरचं झालंय’ म्हणून आधी देवर्षी गाठतात. मनोरुग्णालय म्हटलं की येरवडाच आठवतं. पुण्यात शिरताना पालखी त्याच येरवड्याच्या परिसरातून येते आणि कोणी तिकडे मान वळवत नाही. वारी हा मनावरचा इलाज आहे, असं हल्ली शहरी मंडळी फार सहज बोलतात. सुमारे अडीचशे किलोमीटर सोबतीनं चाललं, गायलं, रडलं की हलकं वाटतं हे खरं. पण एकादशी झाली की माणूस त्याच घरी, त्याच कर्जाकडे परततो. बुवांना विचारलं, विंचवाच्या उताऱ्यात डॉक्टर घालता येईल का? ते हसले. व्यसनमुक्ती घातली, मुलगी वाचवा घातलं, मग डॉक्टरनं काय घोडं मारलंय, म्हणाले.

पालखीचा रस्ता आता चौपदरी झाला आहे. वाहनांची सोय झाली, पण मार्गावरची जुनी झाडं गेली आणि चालणाऱ्यांची सावलीही गेली. दोन घटका टेकून कोणाशी बोलावं अशा जागा त्यामुळे कमी झाल्या.

मनाच्या दुखण्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पुढच्या आषाढीत भारुडाच्या जागी हा आकडा ठळक अक्षरांत रंगवावा, आणि बुवांनी तो दिमडीवर चार वेळा म्हणावा. वेळापूरकरांनी एवढं मनावर घ्यावं.