खताची निवड आणि तंबाखूच्या पानातील द्रव्ये

पनवेलच्या खाडीकाठी भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यास खार म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. अशा खाचरात भातानंतर तंबाखू लावावी काय, असे कोणी विचारल्यास ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी स्पष्ट नकार द्यावा. त्याचे कारण समजून घेतले म्हणजे खत आणि पान यांचा संबंधही उलगडतो.

तंबाखूचे मोल केवळ वजनावर ठरत नाही. पानात कोणती द्रव्ये किती आहेत हेही पाहिले जाते, आणि ते प्रमाण खताने बदलते. त्यात नत्राचा वाटा मोठा आहे. निकोटिन मुळांत तयार होऊन पानांत चढते व त्याच्या वजनात सुमारे 17 टक्के नत्रच असते. म्हणून नत्र वाढविले की पान मोठे व गडद होते, निकोटिन वाढते, शर्करा मात्र घटते. निपाणीकडील विडीच्या तंबाखूस कडकपणा हवा असल्याने तिला नत्र सढळ हाताने देतात. सिगारेटच्या व्हर्जिनिया पानास तेच बाधते. पान पिकण्याच्या सुमारास जमिनीतील नत्र संपत आले तरच त्यात पिष्ट साठते आणि भट्टीत वाळविताना त्याची शर्करा होते. शेंडा व बगलफुटवे खुडल्यानेही निकोटिन वाढते, तेव्हा सारे श्रेय खतास देऊ नये. पानावर दव असताना खुडणी मुळीच करू नये. ओल्या पानातील निकोटिन कातडीवाटे भिनून मजुरास भोवळ व ओकाऱ्या येतात.

खरी फसगत पालाशाच्या बाबतीत होते. पालाशाने पान नीट जळते. परंतु भातास आपण निर्धास्तपणे देतो ते म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पालाशाचे क्लोराइड असून त्यात सुमारे 47 टक्के क्लोरीन असते. तंबाखू ते अधाशासारखे शोषून घेते. शेतात पीक डौलदार दिसते, पान जाडही भरते. पण वाळल्यावर ते हवेतील ओल धरते आणि पेटविल्यास विझते. क्लोराइड 2 टक्क्यांवर गेले की जळण्याचा गुण फार खालावतो, आणि असे पान मागाहून सुधारता येत नाही. तंबाखूस पालाश द्यावयाचे तर ते सल्फेटच्या रूपात द्यावे. त्यास पैसे अधिक पडतात, हे खरे.

खाजणात व मचूळ पाण्यावर तर खताची गोणी न फोडताही क्लोराइड पानात जाते. अशा जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल 1, पनवेल 2 व पनवेल 3 या भाताच्या जाती आहेतच.