गाडीची चाकं आतून-बाहेरून कशी धुवावीत?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही. पण त्यातून परिसर अभ्यासाचे दोन-तीन घटक आपोआप निघतात आणि आपल्यापैकी बरेच जण रोज गाडीने शाळेला ये-जा करतात, म्हणून इथेच लिहिते.

माझी शाळा परभणी जिल्ह्यात, घरापासून ३१ किलोमीटरवर. शेवटचे दोन किलोमीटर काळ्या मातीचा कच्चा रस्ता. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. माझ्याबरोबर शाळेतल्या दोघी बाई असतात आणि मागच्या सीटवर माझी मुलगी. मागच्या पावसाळ्यात हायवेवर ७०-८० चा वेग आला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. ५० वर आणलं की शांत. टायरच्या दुकानात बॅलन्सिंग करून घेतलं, पैसे दिले, चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच! पुन्हा पैसे, पुन्हा थरथर.

शेवटी गावातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. त्यांनी कुठलंही मशीन लावलं नाही. फक्त विचारलं, "मॅडम, चाकं आतून कधी धुतलीत का?" मी म्हटलं, दर रविवारी धुते की. ते हसले आणि चाक काढून माझ्यासमोर पालथं घातलं. बाहेरून चकचकीत, आणि आत रिमच्या कडेला काळ्या मातीचा वाळून दगड झालेला थर. तोही सगळीकडे सारखा नाही. एका बाजूला बोटभर जाड, तर दुसरीकडे नुसता डाग.

तेव्हा उलगडा झाला. दुकानात चिखलासकट बॅलन्सिंग केलं होतं. मशीनने चिखलाचा भार धरून समोरच्या बाजूला छोटी वजनं लावायला सांगितली. मग चार दिवसांनी चिखलाचा एक तुकडा निखळून पडला आणि लावलेली वजनंच उलट जड झाली. बॅलन्सिंग करणाऱ्याने आधी रिम आतून खरवडायला हवी होती. आता मी ते करून घेतल्याशिवाय चाक मशीनवर चढवू देत नाही.

एवढ्याशा चिखलाने काय होतं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. म्हणून वहीत गणित मांडलं. छोट्या गाडीचं चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण बारा फेरे घेतं. रिमच्या आत मध्यापासून १५ सेंटिमीटरवर ५० ग्रॅम चिखल चिकटलेला असेल, तर त्या वेगाला तो चाकाला बाहेरच्या दिशेने जवळपास साडेचार किलो वजनाइतका ओढतो. सेकंदाला बारा वेळा, कधी वर, कधी खाली. वेग निम्मा केला की ओढ चौथाईवर येते, म्हणून ४० ला काहीच जाणवत नाही. थरथर हातात जाणवली तर बहुतेक पुढच्या चाकात दोष असतो, सीटखाली जाणवली तर मागच्या.

मुलांना हे दाखवायचं असेल तर सायकल उलटी करून ठेवा. पुढचं चाक हलकेच फिरवून सोडा. थांबताना बहुधा व्हॉल्व्हची बाजू खाली येते, कारण तीच जड असते. मग दुसरीकडे एखाद्या आरीला ओल्या मातीचा गोळा घट्ट चिकटवा. आता गोळा खाली येतो. चाक जोरात फिरवलं की सायकल जागच्या जागी नाचते. माझ्या चौथीच्या वर्गाला हा खेळ इतका आवडला की मधली सुट्टी संपल्याचं कोणाला कळलं नाही. (मुलांची बोटं आऱ्यांपासून लांब ठेवा, हे सांगायला नकोच.)

आता धुण्याकडे वळू. चाकावर दोन प्रकारची घाण असते. एक म्हणजे चिखल. दुसरी म्हणजे पुढच्या रिमवर दिसणारी काळपट-तपकिरी भुकटी, जी नुसत्या पाण्याने जात नाही. ती ब्रेकची असते. ब्रेक दाबला की पॅड लोखंडी डिस्कला घासतात आणि दोघांचा चुरा गरम असतानाच उडून रिमवर चिकटतो. त्यात लोखंडाचे कण असल्यामुळे पुढे तो गंजतो आणि डाग पडतात. वाळलेली थोडी भुकटी कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवा, बरेच कण सरकतात. बाजारात 'आयर्न रिमूव्हर' नावाचा फवारा मिळतो, तो या लोखंडाशी संयोग पावून जांभळा होतो आणि डाग सोडवतो. वास मात्र भयंकर, सडलेल्या अंड्यासारखा. हातमोजे घालून मोकळ्या हवेतच वापरा आणि चाकावर वाळू देऊ नका.

ही भुकटी कोरडी झटकू नका किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ती छातीत जाते. आधी ओली करायची, मगच ब्रश लावायचा.

दुसरी गोष्ट, गाडी चालवून आल्याबरोबर चाकावर पाणी मारायचं नाही. डिस्क तापलेली असते, गार पाण्याने वाकडी होऊ शकते, आणि साबण गरम रिमवर लगेच वाळून डाग पडतात. हात लावून रिम गार लागली की सुरू करा. अंग धुण्याआधी चाकं धुवा, नाहीतर चाकाचे शिंतोडे पुन्हा धुतलेल्या दारावर उडतात. आणि चाकाचं फडकं चाकालाच. त्यातली खर रंगाला लागली की ओरखडे पडणारच.

साहित्य फार नको. दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक ब्रश खळबळायची. कार शाम्पू. नटांच्या खाचांसाठी जुना टूथब्रश. आणि सगळ्यात कामाचा म्हणजे बाळाची दुधाची बाटली धुवायचा लांब दांड्याचा ब्रश! अलाय व्हील असेल तर दोन दांड्यांच्या फटीतून तो आत घालून फिरवला की आतली भिंत बरीचशी निघते. आत जोर मात्र बेताने. ब्रेकची रबरी नळी आणि काही गाड्यांत सेन्सरची वायर तिथेच असते. पत्र्याच्या रिमवर प्लॅस्टिकचं झाकण असेल तर ते काढून वेगळं धुवा. त्यामागे काय काय साठलेलं असतं ते बघून लाज वाटते.

पितळेला चिंच चालते म्हणून रिमलाही काहीतरी आंबट चालेल, असं आमच्याकडे पुष्कळांना वाटतं. एका ओळखीच्यांनी तर बाथरूमचं ॲसिड लावलं. दोन मिनिटं चकाकलं आणि नंतर कायमचे पांढरे डाग पडले. अलायला ॲसिड नको, तारेची घासणी नको. प्रेशरचा पाइप असेल तर टायरपासून हातभर लांब धरा, टायरच्या भिंतीवर अगदी जवळून मारू नका.

एवढं करूनही पत्र्याच्या रिमची आतली बाजू निघत नाही. चाक आतल्या बाजूला वळवून वाकून हात घातला तर थोडं जमतं, पण वाळलेली काळी माती तशी सुटत नाही. त्यासाठी चाक काढावंच लागतं. मी ते असं करते. सपाट, पक्क्या जागेवर गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावायचा. चाक काढलं की लगेच त्या जागी स्टेपनी बसवते आणि गाडी खाली घेते. काम दुप्पट होतं हे कबूल. पण गाडी जॅकवर टांगून तासभर चाक घासत बसण्यापेक्षा हे बरं. जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. मुलगी तेवढा वेळ ओट्यावर.

काढलेलं चाक पालथं घालून त्यावर ओलं पोतं टाकून अर्धा तास ठेवायचं. माती आपोआप मऊ होते. मग लाकडी पट्टीने खरवडायची. उलथनं किंवा पटाशी नको, रिमवर चरे पडतात आणि तिथून गंज धरतो. कडेला अडकवलेली किंवा चिकटवलेली छोटी वजनं दिसली तर ती घाण समजून उपटू नका! माझ्या चार चाकांतून निघालेली माती मी वाळवून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. सव्वा किलो भरली.

धुतल्यावर आतली बाजू निवांत बघा. बाहेरची बाजू रोज दिसते, ही दिसत नाही. रिमची कड वाकली आहे का, कुठे चीर आहे का, ब्रेकच्या तेलासारखं ओलं काही आहे का. पुढच्या डाव्या चाकाच्या टायरला आतल्या भिंतीवर मला लिंबाएवढा फुगा सापडला. खड्ड्यात आदळून टायरच्या आतले धागे तुटले की तिथे असा फुगा येतो आणि असा टायर वेगात फुटू शकतो. बाहेरून तो टायर नव्यासारखा होता. सोमवारपासून त्याच टायरवर आम्ही चौघी पुन्हा हायवेला लागणार होतो. तो टायर मी पुन्हा बसवला नाही. फुग्याला पंक्चरसारखं ठिगळ चालत नाही, टायर बदलावाच लागतो.

चाक बसवताना नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा, शेवटचं घट्ट करणं गाडी जमिनीवर आल्यावर. नटांना तेल-ग्रीस नको. ४०-५० किलोमीटरनंतर पाना लावून एकदा पुन्हा बघा. टायरची चमक आणणारं पॉलिश जमिनीला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकवर अजिबात येऊ देऊ नका. निघाल्यावर हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबा, ओला ब्रेक पहिल्यांदा कमी धरतो. दुसऱ्या दिवशी डिस्कवर केशरी गंज दिसला तर घाबरू नका, दोन-तीन ब्रेकमध्ये जातो.

बाहेरून दर आठ-पंधरा दिवसांनी धुतलं तरी पुरतं. आतून, काळ्या मातीचा रस्ता असेल तर पावसाळ्यात महिन्याला एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. ज्यांना जॅकची भीती वाटते त्यांनी टायर आलटून-पालटून लावायला दुकानात नेताना घरून ब्रश आणि बादली बरोबर न्यावी. चाकं काढलेली असतातच, दहा मिनिटं मागून घ्यायची. आमच्या शाळेतल्या दोघी बाई आता तसंच करतात.