घरच्या शाळेची मधली सुट्टी

सकाळी नऊला उघडलेलं अपूर्णांकांचं पुस्तक अकरा वाजले तरी त्याच पानावर असतं. कुकर शिट्ट्या देऊन गप्प झालेला, लेक पेन्सिलीला टोक काढत बसलेला, आणि आईचा आवाज चढलेला. रात्री तो झोपला की तिला रडू येतं. याचसाठी का त्याची शाळा सोडवली?

मुलांना घरी शिकवणाऱ्या आयांकडून (बाबाही शिकवतात, पण रोजचा भार बहुतेक आईवरच) हे मी अनेकदा ऐकलं आहे. हा आळस नाही आणि माया आटल्याची खूणही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘बर्नआउट’ची व्याख्या नोकरीपुरतीच आहे, घरकामाला तिथे जागा नाही. बेल्जियमच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक यांनी मात्र पालकांचा हाच थकवा अभ्यासला. जीव शिणतो, मुलांपासून मन तुटत जातं, पालकपणातला आनंद सरतो आणि ‘मी अशी नव्हते’ हे सलत राहतं, अशी लक्षणं त्यांनी नोंदवली. 42 देशांतला त्यांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तिवादी समाजांत हा थकवा अधिक दिसला.

घरच्या शाळेत तर मुख्याध्यापक, शिक्षक, शिपाई, डबेवाली सगळं एकच बाई असते. शाळेतल्या बाईंना निदान मधली सुट्टी मिळते. म्हणून आधी वेळापत्रक फाडावं. एका मुलाला शिकवायला शाळेइतके तास लागत नाहीत; दोन तास नीट बसलात तरी पुष्कळ. एखादा विषय आजोबांकडे, एखादा शेजारच्या काकूंकडे द्यावा. आठवड्यातल्या दोन दुपारी बाबांच्या, आणि त्या वेळी आईने स्वयंपाकघरातही दिसू नये.

दहावीची धास्ती घेऊन बसलेल्यांना एक सांगते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (NIOS) दहावीची नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय देता येतो. यंदा गणित राहिलं तर राहू द्या.

इतकं करूनही झोप उडाली असेल, मूल नकोसं वाटत असेल, तर 14416 या टेलि-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं. आणि मूल पुन्हा शाळेत घालावंसं वाटलं, तर खुशाल घाला. शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, वर्षाच्या मध्यावरही.