हरभऱ्यावरील घाटेअळी : वेळीच ओळख, वेळीच उपाय

सोलापूर जिल्ह्यातील जिरायत हरभरा जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढतो. अळीने घाटे खाल्ल्यावर नवे धरण्यास ओल उरत नाही. म्हणून या किडीचा जीवनक्रम ओळखणे अगत्याचे आहे.

मादी पतंग कोवळी पाने, कळ्या व फुले यांवर एकेक अंडे घालते. लहान अळी पाने खरवडते, त्यामुळे पांढुरके डाग दिसतात. मोठी अळी घाट्यात डोके खुपसून दाणे फस्त करते. एक अळी सुमारे ३० ते ४० घाटे पोखरू शकते. पुढे ती जमिनीत कोषात जाते.

हरभऱ्यात विरळ ज्वारी पेरावी. तिच्या ताटांवर बसून पक्षी अळ्या टिपतात. पतंगांची चाहूल घेण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. कळ्या येताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. ओळीच्या एक मीटर अंतरात १ ते २ अळ्या आढळल्यास, त्या लहान असतानाच, घाटेअळीचा विषाणू (एच.ए.एन.पी.व्ही.) सायंकाळी फवारावा, उन्हाने त्याचा प्रभाव उणावतो. काढणीनंतर नांगरट केल्यास कोष उघडे पडून नष्ट होतात.

अळी घाट्यात शिरल्यावर केलेला खर्च बहुधा वाया जातो. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कळ्या लागल्यापासूनच शेतकरी बंधूंसह पिकाची नियमित पाहणी करावी.